वुडवर्डवरच्या दोन गाड्या

डेट्रॉईटला राहतो म्हटलं की पुण्या-मुंबईकडचे पाहुणे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "तिथे अजून माणसं राहतात का हो?" आणि दुसरा, "मग गाड्या स्वस्तात मिळत असतील, नाही?" पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही'. त्यानंतर संभाषण सहसा आंब्यांकडे वळतं. खरं म्हणजे विचारायला हवं ते हे, की डेट्रॉईटला यायचं तर कधी यावं? त्याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी.

त्या दिवशी इथे 'वुडवर्ड ड्रीम क्रूझ' असते. क्रूझ म्हटल्यावर डोळ्यांपुढे बोट येईल, पण ही आपली साध्या रस्त्यावरची. १९९५ साली फर्नडेल या छोट्या गावातल्या लोकांनी मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करायचे म्हणून जुन्या गाड्यांची मिरवणूक काढली. ती लोकांना इतकी आवडली की दरवर्षी होऊ लागली (२०२० साली कोविडमुळे तेवढी चुकली). आता फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत रस्ता गाड्यांनी फुललेला असतो आणि दोन्ही कडांना माणसं घडीच्या खुर्च्या टाकून, आइसबॉक्स शेजारी ठेवून सकाळपासून बसलेली असतात. आमच्या हिने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "अहो, ही तर जत्राच! फक्त देवांना चाकं आहेत."

रस्ताही तसाच मानाचा आहे. डेट्रॉईट नदीच्या काठावरून निघून वायव्येला तिरका सत्तावीस मैल पाँटिअ‍ॅकपर्यंत जातो. १९०९ साली सिक्स माइल आणि सेव्हन माइल रोडच्या मधला याचा एक मैल काँक्रीटचा केला, तो या देशातला काँक्रीटचा पहिला मैल. हायलंड पार्कला याच रस्त्यावर फोर्डचा कारखाना. तिथे १९१३ साली गाडी माणसाकडे चालत येऊ लागली आणि मॉडेल टीची चेसिस जोडायला साडेबारा तास लागायचे त्याऐवजी त्र्याण्णव मिनिटं लागू लागली. क्रायस्लरचं मुख्य ऑफिससुद्धा १९९० च्या दशकापर्यंत हायलंड पार्कलाच होतं. मी १९७२ साली वेन स्टेट युनिव्हर्सिटीत शिकायला आलो तेव्हा वुडवर्ड माझ्यासाठी फक्त बसचा रस्ता होता. पुढे तीस वर्षं ब्रेकच्या धंद्यात काढली. कंपनीतले जुने लोक सांगायचे की साठच्या दशकात इथल्या सिग्नलवर इंजिनियर मंडळी कारखान्यातल्या नव्या गाड्या घेऊन रात्री शर्यती लावायची आणि सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कामावर हजर व्हायची.

एवढी प्रस्तावना झाली, आता गाड्यांकडे वळतो.

पहिली गाडी आमच्या शेजाऱ्यांची. वय चौऱ्याऐंशी, टूल अँड डायच्या कामातून निवृत्त, गृहस्थ बोलायला कमी आणि गवत कापायला सगळ्यांच्या आधी. त्यांच्या गॅरेजमध्ये १९५१ सालची प्लिमथ क्रॅनब्रुक आहे. चार दारांची, फिकट हिरवी. त्यांच्या वडिलांनी नवी घेतली तेव्हा हे दहा वर्षांचे होते. वडील लिंच रोडच्या प्लिमथ कारखान्यात दारं बसवायचे.

हे त्यांनी मला प्रथम सांगितलं तेव्हा मी कुंपणाशी उभा होतो तो तिथेच गवतावर बसलो. कारण माझे वडील कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये होते. वालचंद हिराचंदांनी क्रायस्लरशी करार करून हा कारखाना काढला आणि १९४७ पासून तिथे डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. सुटे भाग लाकडी खोक्यांतून बोटीने यायचे. फियाट, आणि मग आपल्या सगळ्यांची लाडकी पद्मिनी, हे सगळं नंतरचं. आमच्या चाळीतल्या खोलीत स्वयंपाकघराची मांडणी त्याच खोक्यांच्या फळ्यांची होती. वडिलांनी त्या रंधा मारून गुळगुळीत केल्या होत्या, पण एका फळीवरची काळी इंग्रजी अक्षरं मुद्दाम ठेवली होती. मी 'डेट्रॉईट' हा शब्द वाचायला शिकलो तो हळद-तिखटाच्या डब्यांमागे. म्हणजे यांचे वडील लिंच रोडला दारं लावत होते आणि माझे वडील कुर्ल्याला. तेव्हापासून आमचं कुंपणावरचं बोलणं वाढलं.

दुसरी गाडी माझ्या मुलाची. २०१६ सालची डॉज चार्जर हेलकॅट. नावातच नरक आहे म्हणून हिने पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं. दिसायला तीसुद्धा चार दारांची, कुटुंबवत्सल सेडान. मागे बाळाची खुर्ची बसते, डिकीत आठवड्याचं ग्रोसरी मावतं. पण पुढे ६.२ लिटरचं सुपरचार्जर बसवलेलं व्ही-८ इंजिन आहे आणि त्याची ताकद ७०७ अश्वशक्ती. वेग कंपनीच्या आकड्याप्रमाणे ताशी २०४ मैलांपर्यंत जातो. तो कुठे जायचा, हे कंपनीने सांगितलेलं नाही. शहरात तिला गॅलनला तेरा मैल मिळतात.

या गाडीला दोन किल्ल्या मिळतात, एक काळी आणि एक लाल. काळ्या किल्लीने गाडी सुरू केली तर इंजिन ५०० अश्वशक्तीवर थांबतं. लाल किल्लीने पूर्ण ७०७. हॉटेलच्या दारात पार्किंगवाल्या पोराच्या हाती गाडी द्यायची झाली तर चार अंकी पिन टाकून तिला आणखी बांधून ठेवता येतं. मुलाने गाडी आणली त्या रविवारी हिने लाल किल्ली मागून घेतली आणि देवघरातल्या हळदी-कुंकवाच्या कोयरीखालच्या डब्यात ठेवली. ती अजून तिथेच असते. मुलगा पंचेचाळीस वर्षांचा आहे, पण किल्ली लागली की आईकडे मागतो. मला हे क्रायस्लरच्या इंजिनियरांना कळवावंसं वाटतं.

या दोन गाड्यांची तुलना करायची म्हणजे आंबा आणि फटाका यांची तुलना, असं तुम्ही म्हणाल. पण आकडे पाहा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर प्लिमथमध्ये साडेतेरा इंच कमी अकरा फूट आहे, म्हणजे ११८.५ इंच असं सरळ सांगतो, तर चार्जरमध्ये १२० च्या जरा वर. म्हणजे पाऊलखुणा जवळजवळ सारख्याच! वजन मात्र प्लिमथचं तीन हजार शंभर पौंडांच्या आसपास आणि चार्जरचं साडेचार हजारांच्या वर. प्लिमथचं सहा सिलिंडरचं इंजिन एकूण ९७ अश्वशक्तीचं आहे. हेलकॅटचा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा नुसता पंखा म्हणा, तो पूर्ण जोरात फिरवायलाच सुमारे ८० अश्वशक्ती खर्च होतात. यांच्या वडिलांनी ज्या ताकदीवर बायको, चार पोरं आणि तंबू घेऊन सुट्टीत अप्पर पेनिन्सुला गाठलं, जवळजवळ तेवढी ताकद माझा मुलगा एका पंख्याला देतो.

२०२५ च्या क्रूझच्या आधी शेजारी माझ्याकडे आले. म्हणाले, "आता माझा गुडघा क्लच दाबत नाही. तू चालवशील?" म्हणून १६ ऑगस्टच्या सकाळी मी प्लिमथच्या चाकामागे बसलो, ते शेजारी बसले, आणि मागे ही आणि आमची सोळा वर्षांची नात. मुलगा हेलकॅट घेऊन मागून निघाला, काळी किल्ली खिशात.

प्लिमथमध्ये माणूस 'शिरत' नाही, बसतो. दार उंच, सीट घरच्या खुर्चीच्या उंचीची. त्या वेळी क्रायस्लरचे प्रमुख के. टी. केलर होते. डोक्यावरची हॅट न काढता गाडीत बसता आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट प्रसिद्ध आहे. बाकीचे कारखानदार गाड्या बुटक्या आणि लांबलचक करायला लागले तरी हे आपले हॅट मोजत राहिले. लोकांना मात्र बुटक्या गाड्या आवडल्या. प्लिमथला 'म्हाताऱ्यांची गाडी' म्हणायला लागले, आणि १९५५ साली व्हर्जिल एक्स्नरने तिचं रूपच पालटलं तेव्हा कुठे कंपनीची अब्रू राहिली. पण माझं मत विचाराल तर हॅटवाल्या केलरसाहेबांचं बरोबर होतं. हिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. हेलकॅटमध्ये मागे बसवायचं म्हणजे आधी डोकं, मग कंबर, मग एकेक पाय असा कार्यक्रम असतो, आणि बसल्यावर खिडकीची कड खांद्याशी येते. बाहेरचं काही दिसत नाही, फक्त आभाळ. प्लिमथमध्ये ती साडी सावरून एका पावलात बसली आणि राणीसारखी दोन्ही बाजूंना बघत राहिली. एका खुर्चीवाल्या बाईने तिला हात केला. हिनेही केला. मग दहा मैल ती हातच करत होती.

गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, तीन पुढचे, एक मागचा. पहिला टाकताना गाडी पूर्ण थांबलेली हवी, नाहीतर आतून दात खाल्ल्यासारखा आवाज येतो. नाइन माइलला सुरुवात केली. टेन माइलला प्राणिसंग्रहालयाचा पाण्याचा मनोरा, ट्वेल्व्ह माइलला श्राइन ऑफ द लिटल फ्लॉवर चर्चचा दगडी टॉवर, असं बैलगाडीच्या गतीने चाललं होतं. इथे डावीकडे वळायचं तर चौकात वळत नाहीत. चौक ओलांडून पुढे जायचं, मधल्या गवताच्या पट्ट्यातून उलटं फिरायचं आणि परत यायचं. याला 'मिशिगन लेफ्ट' म्हणतात. नव्या पाहुण्याला हे पटवायला एक अख्खा वीकेंड जातो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या प्लिमथमधून तो यू टर्न घेताना माझे दंड भरून आले. मागून मुलाच्या गाडीचा हुंकार येत होता. सिग्नल सुटला की तो पाय जरासा ठेवायचा आणि लगेच उचलायचा. वाघाला हरणाच्या मागे रांगेत उभं केल्यासारखं दिसत होतं ते. दोन्ही गाड्या ताशी वीस मैलांवर. ड्रीम क्रूझमध्ये ७०७ अश्वशक्तीचा उपयोग एवढाच, की सगळे मान वळवून बघतात.

आणि इथे शेजाऱ्यांनी विषय काढला. त्यांचे दोन्ही मुलगे दूर असतात. त्यांना गाडी नको, "विकून टाका" म्हणतात. आमची नात मात्र गेले दोन उन्हाळे त्यांच्याकडे जाऊन क्रोम पुसते, त्यांच्याकडून कार्ब्युरेटर उघडायला शिकते. नुकतंच लायसन्स मिळालेलं. ते मागे वळून तिला म्हणाले, "ही गाडी तुला घे. शाळेत घेऊन जा."

मागून जो चीत्कार आला तो हेलकॅटच्या सुपरचार्जरसारखाच होता. हिच्या डोळ्यांत पाणी. मी मात्र म्हणालो, "नाही."

गाडीत एकदम शांतता पसरली. एंजिन गरम होत होतं, काटा वर चढत होता, आणि मी फोर्टीन माइलजवळ गाडी बाजूला घेतली.

का नाही, ते सांगतो. या प्लिमथला मास्टर सिलिंडर एक आणि ब्रेकच्या तेलाची वाट एकच. चारपैकी एका चाकाची नळी फुटली तर चारही ब्रेक गेले. दोन वेगळ्या वाटांचे ब्रेक इथल्या सगळ्या गाड्यांना आले ते साठच्या दशकाच्या अखेरीस. स्टिअरिंगचा दांडा सरळ लोखंडी, भाल्यासारखा ड्रायव्हरच्या छातीवर रोखलेला. डॅशबोर्ड पत्र्याचा. कारखान्यातून पट्टे नाहीत. नव्या गाड्यांना पट्टे सक्तीचे झाले १९६८ पासून. लोक म्हणतात, "जुन्या गाड्या काय मजबूत होत्या! नुसतं पोलाद!" हे मी मंडळाच्या प्रत्येक गणपतीत ऐकतो. २००९ साली इथल्या विमा कंपन्यांच्या हायवे सेफ्टी संस्थेने आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू ताशी चाळीस मैलांनी समोरासमोर आपटवल्या. मालिबूमधल्या पुतळ्याच्या पायाला थोडं लागलं. बेल एअरचं पोलाद पुतळ्याच्या अंगावर आलं, माणूस असता तर जिवंत राहिला नसता. मजबूत गाडी म्हणजे जी स्वतः मोडत नाही ती, असा आपला समज असतो. पुढचा भाग शहाणपणाने चुरगळतो आणि बसायची जागा तशीच राहते, अशी गाडी बनवायला आमच्या धंद्याला चाळीस वर्षं लागली. १९५१ साली या देशात दर दहा कोटी मैलांच्या प्रवासामागे सातजणांहून अधिक माणसं मरत होती. २०२३ साली तो आकडा सव्वाच्या आसपास होता. त्या सात आणि सव्वाच्या मधल्या जागेत माझं आयुष्य गेलं आहे, म्हणून मला यावर गोड बोलता येत नाही.

शेजारी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आम्ही चारही भावंडं यातून मोठी झालो." मी काही बोललो नाही. जे मोठे झाले तेच असं सांगायला उरतात, हे तोंडावर आलं होतं, ते गिळलं.

परत येताना नात रुसून वडिलांच्या गाडीत बसली आणि मला तिच्याशेजारी बसावं लागलं, कारण पुढची सीट हिने पटकावली. शेजाऱ्यांना आणि प्लिमथला त्यांच्या पुतण्याने घरी नेलं. बिग बीव्हर रोडवरून आम्ही आय-७५ ला लागलो. रॅम्पवर मुलाने थोडा पाय दाबला, आणि काळ्या किल्लीवर असूनसुद्धा माझं डोकं सीटला चिकटलं, पोटातली भेळ पाठीकडे गेली. पुढे अचानक लाल दिवे दिसले. मुलाने ब्रेक मारला. पंधरा इंचांहून मोठ्या डिस्क आहेत पुढे, आणि गाडी कोणीतरी कॉलर धरल्यासारखी जागच्या जागी थांबली, जरासुद्धा वाकडी न होता. मी ब्रेकचा माणूस. मला त्या क्षणी त्या ब्रेकच्या पाया पडावंसं वाटलं.

पण ज्या पायाला ब्रेक आहे त्याच पायाला अ‍ॅक्सिलरेटर आहे. नात म्हणाली, "आजोबा, मग बाबाची गाडी मला चालेल का? ही तर सेफ आहे." पुढच्या सीटवरून तिच्या आजीचा आवाज आला, "लाल किल्ली कुठे आहे ते फक्त मला माहिती आहे." मुलगा म्हणाला, "आई, ते सगळ्यांना माहिती आहे."

मला विचाराल तर सोळा वर्षांच्या पोरीला यातली एकही गाडी नको. तिला चार वर्षं जुनी, कंटाळवाणी, जपानी नाहीतर कोरियन सेडान घ्यावी, जिच्याकडे रस्त्यावर कोणी मान वळवून बघणार नाही. तशी आम्ही घेतली, राखाडी रंगाची. तिने तिला नावसुद्धा ठेवलेलं नाही.

शेजारी तीन आठवडे कुंपणाशी आले नाहीत. मग एका संध्याकाळी आले ते गाडीचं टायटल हातात घेऊनच. ते माझ्या नावाने करून आणलं होतं. "तुला ब्रेक आवडत नाहीत ना? मग बदल," म्हणाले. ही त्यांची क्षमाही होती आणि टोमणाही. तेव्हापासून प्लिमथ त्यांच्याच गॅरेजमध्ये आहे, पण जॅकवर. शनिवारी सकाळी नात येते. चारही ड्रम उघडले, जुन्या नळ्या काढल्या, आणि दोन वाटांचा मास्टर सिलिंडर बसवायचं काम चाललंय. पुढच्या सीटला पट्टे बसले. शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक भागाला "हा ओरिजिनल नाही" म्हणून हरकत घेतात आणि मग टॉर्च धरतात. परवा ड्रायव्हरच्या दाराची बिजागरी काढायची होती. त्यांनी हात पुढे करून थांबवलं. म्हणाले, "त्याला हात लावू नका. ते बाबांनी लावलंय." आम्ही नाही लावला.

पुढच्या ऑगस्टमध्ये क्रूझला येणार असाल तर दोन-तीन गोष्टी ध्यानात असू द्या. वुडवर्डच्या जवळ गाडी नेऊ नका, आतल्या गल्लीत लावून चालत या. सकाळी आठच्या आत पोचलात तर झाडाखाली जागा मिळते, दहानंतर ऊनच ऊन. सर्वांत चांगल्या गाड्या शुक्रवारी संध्याकाळीच दिसतात, हे इथल्या लोकांचं गुपित आहे. मिशिगनमध्ये हिस्टॉरिक नंबरप्लेटच्या गाड्यांना एरवी समारंभापुरतंच बाहेर पडता येतं, ऑगस्टमध्ये मात्र मोकळीक असते. त्यामुळे महिनाभर कुठल्याही कोपऱ्यावर तुम्हाला एखादी म्हातारी भेटेल. आम्ही ट्वेल्व्ह माइलच्या चर्चसमोर, रस्त्याच्या पूर्वेच्या बाजूला असतो. खुर्च्या आपापल्या आणाव्यात. भेळ आमच्याकडून.